मेहुणेबुवांचा शाळाप्रवेश

४ जानेवारी

चि. धाकटीस,

दादाचे आशीर्वाद. मापात आहेत, तपासून घे.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मला तुला थांबवता येत नाही. तेव्हा आपल्या दोघांत सभ्यता टिकवण्याचं काम टपालखात्याकडेच राहू दे.

तुझा प्रश्न मला समजला आहे का, ते आधी बघून घे. भिंगरीला सहावं संपत आलं. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सरकारी शाळा आहे. तिथे तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात आणि बाई मधोमध उभ्या राहून दीपस्तंभासारख्या फिरतात. टेकडीवर खाजगी शाळा आहे. तिच्या दारात कारंजं आहे, आणि तिची फी तू पत्रात लिहायचंही टाळलं आहेस, म्हणजे ती बोलण्यापलीकडची असणार. कोपऱ्यावर घातली तर पोरीकडे कोणी बघणार नाही, ही तुझी एक भीती. टेकडीवर घातली तर इतकं बघतील की ती प्रश्न विचारायचंच सोडून देईल, ही दुसरी. आणि दिवसभर प्रश्न विचारणं हा तर तिचा एकमेव धंदा.

आता सल्ला. मला मूलबाळ नाही, त्यामुळे माझा सल्ल्यांचा साठा अगदी कोरा आहे, एकदाही वापरलेला नाही. पूर्वपक्ष असा की शाळा चांगली असली की मूल घडतं. उत्तरपक्ष मी स्वतः आहे. वडिलांनी मला पाठशाळेत घातलं तेव्हा माझी मुलाखत झालीच नाही, गुरुजींचीच झाली. वडिलांनी विचारलं, "मारता का?" गुरुजी म्हणाले, "लागेल तेवढंच." झाला प्रवेश. पुढे इतकी वर्षं संस्कृत घोटून मी आज वजनमापे निरीक्षक आहे आणि भाजीवाल्यांच्या तराजूंना शिक्के मारत हिंडतो. त्यांच्यापैकी एकानेही मला आजवर षष्ठी विभक्ती विचारलेली नाही. सिद्धांत मांडायची पाळी आली की गुरुजींना नेमकी डुलकी लागायची, तेव्हा तो माझ्यापाशी नाही.

टेकडीवरच्या मुलाखतीला मात्र जा. तू चष्म्याच्या दुकानात उभी राहून दिवसभर लोकांना तपासतेस. एकदा स्वतः तपासून घ्यायला काय हरकत आहे? मेहुणेबुवांना सांग, तिथे थोडं बोला. दुरुस्तीला घेतलेल्या लिफ्टशी बोलतात तेवढं बोलले तरी पुष्कळ.

तुझा
दादा

०

१९ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण खाली गेलेली माणसं पुन्हा वर येतात यावर सध्या माझा विश्वास उरलेला नाही.

मुलाखत झाली. आधी पाणी पी आणि मग पुढे वाच.

खोलीत तीन खुर्च्या होत्या. दोन मोठ्या, गोल फिरणाऱ्या, पालकांसाठी. एक लहान, लाल, मुलासाठी. ह्यांची सवय तुला माहीतच आहे. हलवून बघितल्याशिवाय हे कशावरच बसत नाहीत, पाय ठेवत नाहीत, टेकत नाहीत. लिफ्टच्या कामात न बघता पाय टाकणारा माणूस दुसऱ्यांदा पाय टाकायला उरत नाही म्हणतात. तर ह्यांनी लाल खुर्ची हलवली. तिचा एक पाय ढिला होता. "पोर पडेल," असं म्हणून खिशातून पान्हा काढला, पाय आवळला आणि खात्री करून घ्यायला स्वतः बसून बघितलं. नेमक्या त्याच वेळी तपासणीच्या तिघी बाई आत आल्या. भिंगरी तोवर एका फिरत्या खुर्चीवर चढून गरागरा फिरत होती.

तिघींनी मान वर केलीच नाही. समोरच्या कागदावर छापलेलं होतं, लहान खुर्ची म्हणजे उमेदवार, मोठी म्हणजे पालक.

"बाळ, हा रंग कोणता?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"लाल," हे म्हणाले. "पण उडालाय."

"मोठेपणी काय व्हायचंय तुला?"

ह्यांनी बराच विचार केला. "लिफ्टचं काम जमतंय. तेच चालू ठेवीन म्हणतो."

तिघींनी काहीतरी लिहून घेतलं. मग भिंगरीकडे वळल्या. "पालक म्हणून शाळेकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत?"

"कारंज्यात मासे आहेत का?"

"नाहीत."

"का नाहीत?"

"तशी पद्धत नाही."

"कोणी विचारलंच नाही, की विचारलं आणि नाही म्हणाले?"

"घरी शिस्त कशी लावता?"

भिंगरीने बापाकडे बघितलं. "तो जेवताना बोलत नाही. त्याला बोलायला लावावं लागतं. बाकी त्रास नाही त्याचा."

तू विचारशील, मी कुठे होते. मधल्या बाई कागद हात लांब करून वाचत होत्या, दादा. माझा जन्म गेला तो हात ओळखण्यात. मला राहवलं नाही. पर्समधली भिंगं काढली, बाईंच्या डोळ्यांसमोर धरली आणि विचारलं, "आधीचं बरं, की हे?" त्या म्हणाल्या, "हे." "आणि आता?" "आता तर फारच." भिंगं पुसून मागे वळले, तर मुलाखत संपली होती.

निकाल पत्राने कळेल. तू म्हणतोस ते खरं, आयुष्यात एकदा तरी तपासून घ्यावं. हे मात्र खुशीत आहेत. खुर्ची आता हलणार नाही म्हणतात.

तुझी
धाकटी

०

२७ जानेवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद.

पत्र कचेरीत वाचलं. शिपाई आत आला आणि त्याने विचारलं, "साहेब, कोणी गेलं का?" मी हसताना रडल्यासारखा दिसतो, असं इथे सर्वांचं मत झालं आहे.

काळजी करू नकोस. असल्या चुका संस्था स्वतःच दुरुस्त करतात. माणसांसारखा त्यांना अहंकार नसतो. ज्या घरातल्या बापाला लाल रंग ओळखता येतो आणि जिथे मूल बापाच्या शिस्तीबद्दल समाधानी आहे, ते घर नाकारायला शाळेला फार मोठं धैर्य लागेल. आठवड्याभरात दिलगिरीचं पत्र येईल. नाही आलं तर मी माझे शब्द गिळीन, समासांसकट.

दादा

०

१६ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

समास गिळायला बस.

पत्र आलं. ह्यांना पहिलीत प्रवेश मिळाला आहे. शेरा असा: "उमेदवार शांत, हाताने कुशल. वयाच्या मानाने उंची चांगली."

मी तडक टेकडीवर गेले. मोठ्या बाईंच्या खोलीत पाय न वाजणारा गालिचा आहे, त्यामुळे तावातावाने आत शिरता येत नाही. म्हटलं, "बाई, तुम्ही माझ्या मुलीऐवजी माझा नवरा घेतलात."

"ऐवजी असं काही नसतं," त्या म्हणाल्या. "लहान खुर्चीवर जो असतो त्याला आम्ही घेतो. आमच्या पद्धतीत आजवर चूक झालेली नाही."

"अहो, ते चाळिशी ओलांडलेले आहेत."

"म्हणूनच सांगते, आणखी उशीर करू नका."

मुलीचं काय, असं विचारलं. तर म्हणाल्या, "त्या ना? पालक म्हणून जरा जास्त प्रश्न विचारतात. पण आमची तक्रार नाही. त्यांची तशी नोंद केली आहे." मग आवाज खाली आणून त्यांनी मला वाट दाखवली. शाळेत शिकत असलेल्या विद्यार्थ्याच्या मुलांना इथे मुलाखत द्यावी लागत नाही. ह्यांनी एक वर्ष काढलं की भिंगरीला सरळ प्रवेश. तोवर तिला कोपऱ्यावरच्या शाळेत बसवा म्हणाल्या.

मी जिना उतरता उतरता हे हास्यास्पद आहे, असं ठरवत होते. कारंज्यापाशी पोचले तेव्हा ते रीतसर वाटू लागलं होतं. फाटकापर्यंत आले तोवर मला वाटलं, माझ्या हुशारीनेच ही सवलत मिळाली.

घरी येऊन सगळं सांगितलं. वाटलं, हे चिडतील. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डबा न्यायचा, की तिथे देतात?"

शाळा एक मार्चपासून. ह्यांचा जोडीदार सकाळच्या लिफ्ट बघेल, दुपारच्या हे. तू हसून घे. तुझं हसून झालं की मी हसायला बसेन.

धाकटी

०

२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

समास गिळले. तत्पुरुष खाली उतरला, द्वंद्व अजून घशात आहे.

अशी योजना मी फक्त न्यायशास्त्रात पाहिली होती. बापाने आधी मूल व्हायचं, म्हणजे मुलाला बापाचं मूल म्हणून प्रवेश. कार्य आधी, कारण मागाहून. गुरुजी असते तर हे ऐकून जागे झाले असते.

माझ्या काही बारीक शंका आहेत. गृहपाठ न केल्यास मेहुणेबुवांना बाकावर उभं करतात का, आणि उभं केलं तर छताचं काय? सहलीला जायचं तर परवानगी कोणी द्यायची? आणि दंगा केला तर तुला बोलावतील, की भिंगरीला?

एक शंका मात्र बारीक नाही. ज्या माणसाने माझ्या आठवणीत कधी मत दिलं नाही, चहा हवा का विचारलं तर "बघा" म्हणाला, तो या गोष्टीला इतक्या चटकन "हो" कसा म्हणाला? काहीतरी गाळून लिहिते आहेस तू. मी वजनमापे निरीक्षक आहे. भरलेल्या पिशवीत किती हवा आहे ते मला बाहेरूनच कळतं.

दादा

०

९ मे

ती. दादास नमस्कार.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण खरं लिहायचं की मजेशीर, तेच ठरत नव्हतं. दोन्ही लिहिते.

मजेशीर आधी. गणवेशासाठी शिंप्याकडे गेलो. तो माप घेत म्हणाला, "एवढ्या कापडात माझे तीन विद्यार्थी निघतात." हे शेवटच्या बाकावर बसतात, गुडघे कानांशी घेऊन. मुलं ह्यांना "काका, तुझं खोडरबर दे" म्हणतात. हे सगळ्या वर्गाच्या बुटांच्या नाड्या बांधतात, म्हणून ह्यांच्याशी भांडायला कोणी तयार नाही. नीट बसलं की वर्गबाई कागदी तारा देतात. ह्यांचे तारे फ्रिजवर चिकटवले आहेत. दुपारी हे कामाला जातात. परवा एका इमारतीत लिफ्टमध्ये शिरण्याआधी ह्यांनी हात वर केला आणि कोणीतरी "जा" म्हणेपर्यंत उभेच राहिले.

प्रगतिपुस्तकावर सही पालकाची, म्हणजे भिंगरीची. पालकसभेलाही तीच जाते. मी एकदा बरोबर गेले तर दारावरच्या माणसाने विचारलं, "आपण कोण?" म्हटलं, "विद्यार्थ्याची बायको." तो म्हणाला, "अशी जागा आमच्याकडे नाही."

आता खरं. तू विचारलंस, हे "हो" कसे म्हणाले. दादा, ह्यांना वाचता येत नाही. आकडे येतात, सही येते, मजल्यांच्या पाट्या येतात. बाकी लहानपणीच शाळा सुटली आणि हे लिफ्टच्या दोरखंडाला लागले. आपल्या घरी कळू नये म्हणून मी लग्नापासून हे झाकलं. आपलं घर म्हणजे पोथ्यांचं. तुझी पत्रं मीच ह्यांना वाचून दाखवते, आणि ह्यांच्यावरचे तुझे टोमणे गाळते. त्यामुळे ह्यांच्या मते तू फार प्रेमळ माणूस आहेस.

आता रोज संध्याकाळी हे आणि भिंगरी एकाच टेबलाशी बसतात. हे बोट ठेवून वाचतात. ती पाय हलवत ऐकते आणि मध्येच विचारते, "पण ससा का पळाला? कोणी मागे होतं का?" हे म्हणतात, "पुस्तकात नाही दिलेलं." ती म्हणते, "मग तुझ्या बाईंना विचार." आणि हे घाबरतात.

भिंगरीच्या शाळेचं काय सांगू? वजाबाकी अजून आलेली नाही. एक बाई, तीन इयत्ता. बाई मोठ्यांकडे वळल्या की लहान मुलं खिडकीतून मांजर बघतात. पण परवा तिने काहीतरी विचारलं आणि बाई म्हणाल्या, "मला नाही माहीत गं, बघून सांगते." दुसऱ्या दिवशी खरंच बघून आल्या. त्याचा आनंद मानावा, की बाईंना माहीत नव्हतं याचा धसका घ्यावा? मी दोन्ही करते आहे.

धाकटी

०

२० मे

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी कचेरीत वाचलं नाही, घरी आणून वाचलं.

म्हणजे इतकी वर्षं मी त्या माणसाला उपमा आणि अलंकार पाठवत होतो आणि तू ते वाटेतच जप्त करत होतीस. जकातनाक्यावर नोकरी का केली नाहीस? बरंच केलंस म्हणा. मला कोणीतरी प्रेमळ समजतं, ही माझ्यासाठी नवी बातमी आहे. तो गैरसमज तसाच चालू दे.

खालच्या ओळी तू वाचू नकोस. त्यांना दे. जोडाक्षरं टाळून लिहिल्या आहेत. एवढ्या चार ओळींना मला सारी दुपार लागली. इतक्या वर्षांच्या शिक्षणात साधं लिहायला कोणी शिकवलं नव्हतं.

मेहुणेबुवा,
कसे आहात. मी बरा आहे.
इकडे ऊन फार आहे.
तुमचा डबा कसा असतो ते मला कळवा.
घाई नाही.

आता तुझ्याशी. मुलगी वजाबाकीशिवाय किती दिवस चालेल, ते बघ. मी तिचा मामा आहे, मलाही काळजी वाटते. पुढच्या वर्षी टेकडीवर तिची जागा ठरलेलीच आहे ना?

दादा

०

३ नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार.

ठरलेली नाही.

शाळेने नवा नियम काढला. एका कुटुंबाला एकच जागा. ह्यांनी पहिली उत्तम काढली आहे, वर्गात सगळ्यांत जास्त तारे ह्यांचे. आता मार्चपासून एक तर हे दुसरीत जातील, नाही तर ह्यांच्या जागी भिंगरी येईल. दोघं नाहीत. दोघांच्या फीखाली आम्ही पुरते गाडले गेलो असतो, तेव्हा नियमावर चिडायलाही मला तोंड नाही.

ह्यांनी नोटीस स्वतः वाचली, दादा. बोट न ठेवता वाचली. मला रडू त्या नोटिशीचं आलं की त्या वाचण्याचं, सांगता येत नाही. मग म्हणाले, "तिला द्या. त्यात विचारायचं काय?" आणि शाळेचे बूट पुसून खोक्यात घालून ठेवले. तेव्हापासून पुन्हा जेवताना बोलत नाहीत. दुसरीचं पुस्तक दुकानाच्या काचेतून बघताना मी ह्यांना पकडलं. म्हणाले, "चित्रं बरी आहेत." आत शिरले नाहीत.

एका पारड्यात नवरा आणि एका पारड्यात लेक, असं मी कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्याला घरीही शिकवता येईल म्हणावं, तर मी शिकवायला बसले की हे लाजतात आणि लिफ्टचं काम निघतं. चांगल्या शाळेचं वय भिंगरीचं आहे, ह्यांचं नाही, हे कोणीही सांगेल. मीही सांगते. पण रोज सकाळी डबा हातात घेऊन पायऱ्या उतरणाऱ्या त्या माणसाचा चेहरा तू बघितलेला नाहीस.

आणखी एक. निर्णय पालकाने सभेत येऊन सांगायचा आहे, आणि नोंदीप्रमाणे पालक भिंगरी. मी मोठ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही विद्यार्थ्याच्या पत्नी. घरच्या बाबी शाळेत आणू नका."

सभा येत्या शनिवारी. तिने तिथे काय बोलायचं ते मी तिला पढवून ठेवणार आहे. काय पढवू, तेवढं उलट टपाली कळव. या खेपेला विनोद नको.

धाकटी

०

५ नोव्हेंबर

धाकटे,

विनोद नाही.

माझं मत टेकडी. हो, माझं. वर्षभर त्या शाळेच्या कारंज्याची टवाळी केली, पण भाचीचं नाव पुढे आलं तेव्हा माझं मन धावत जाऊन फाटकात उभं राहिलं. मूल खिडकीतून मांजर बघत बसतं, हे तुझ्या पत्रातलं वाक्य मी रोज वाचतो.

पण हे मत तिच्या कानांवर जाऊ देऊ नकोस, आणि तुझंही नको. मी दुकानात शिरलो की दुकानदार हात मागे घेतो, कारण पारड्याला लागलेलं बोट मी सोडत नाही. मग ते बोट कितीही मायेचं असो. तिला काहीही पढवू नकोस. ती काय म्हणेल ते म्हणू दे. तिचं आणि तिच्या बापाचं वजन तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे. वर्षभर त्याच्या पुस्तकावर सही तीच करते आहे.

सभेनंतर लगेच लिही.

दादा

०

१४ मार्च

दादांना नमस्कार.

हे पत्र मी लिहीत आहे. ही म्हणाली, तुम्हीच लिहा. चुका असतील. उशीर झाला, दुसरी सुरू झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं. ही वाचणार नाही असं ठरलं आहे. भिंगरी वाचणार आहे.

तुमच्या चार ओळींचं उत्तर राहिलं होतं. डबा चांगला असतो. मुलं त्यातलं खातात.

आता सभेचं लिहितो. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. हिला दाराबाहेर बसवलं. मी विद्यार्थ्यांच्या बाजूला उभा राहिलो, हात मागे बांधून, तशी पद्धत आहे. भिंगरी मोठ्या बाईंच्या समोर बसली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ही रस्ताभर ओठ मिटून चालत होती.

मोठ्या बाई म्हणाल्या, "जागा एक आहे. ह्यांना पुढे ठेवायचं, की तुम्ही येणार?"

मी हात वर केला. बाई म्हणाल्या, "बोल." मी म्हणालो, "तिला द्या."

बाई म्हणाल्या, "तुला विचारलेलं नाही."

भिंगरी म्हणाली, "मला आधी काही विचारायचंय."

बाई म्हणाल्या, "विचारा."

ती म्हणाली, "बाबाच्या वर्गात प्रश्न कोण विचारतं?"

"वर्गबाई विचारतात."

"त्यांना उत्तरं माहीत असतात?"

"अर्थात."

"मग विचारतात कशाला?"

बाई म्हणाल्या, "मुलांना येतं का ते बघायला."

"आणि मुलांना काही विचारायचं असलं तर?"

बाई म्हणाल्या, "तशी वेळ येत नाही. आम्ही सगळं आधीच समजावून सांगतो."

भिंगरीने मान डोलावली. मला वाटलं तिला पटलं. मला वाईट वाटलं आणि बरं पण वाटलं. मग ती म्हणाली, "बाबाला इथंच राहू दे. त्याला खूप वर्षं कोणी काही समजावून सांगितलेलं नाही. त्याला लागतं ते. माझे प्रश्न अजून विचारून व्हायचे आहेत."

बाईंनी सांगितलं की ही जागा परत मिळणार नाही. नीट विचार करा, म्हणाल्या.

भिंगरी म्हणाली, "पुढे कधी लागली तर मी कळवीन. तुमचं नाव लक्षात ठेवते."

मग तिने सही केली. तिची सही म्हणजे एक गोल आणि त्याला पाय.

बाहेर आलो. हिला सांगितलं. ही तिथेच बाकावर बसून राहिली. मग भिंगरीला म्हणाली, "तुझं नुकसान झालं तर मी काय करू?" भिंगरी म्हणाली, "कसलं नुकसान?" ती विचारत राहिली, ही सांगायचा प्रयत्न करत राहिली. घर येईपर्यंत चाललं होतं ते.

दादा, तुमचं मत टेकडी होतं, ते मी वाचलं. आता तुमची पत्रं मीच वाचतो. माझं पण तेच होतं. तिच्या शाळेत एक बाई तीन वर्ग बघतात, ते काही बरं नाही. म्हणून ही आता शनिवारी दुकान बंद ठेवून तिकडे जाते आणि लहान मुलांना वजाबाकी शिकवते. पोरं हिला चष्मेबाई म्हणतात. भिंगरीला वजाबाकी आली. हिने शिकवली नाही, हिच्या वर्गातल्या एका पोरीने शिकवली.

मी दुसरीत गेलो. भिंगरी पण दुसरीत गेली. पुस्तक एकच आहे. संध्याकाळी मी वाचतो, ती विचारते. मला येत नाही. मग मी दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करतो आणि तेच विचारतो. नदी समुद्रात गेली तर मग रोज वाहतं ते काय. सावलीला वजन असतं का. सावलीचं वर्गबाईंना पण माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल, तुमचं ते काम आहे. कळवा.

काल वर्गबाई म्हणाल्या, फार प्रश्न विचारतोस, आणि माझा एक तारा काढून घेतला. मला वाईट वाटलं. घरी येऊन भिंगरीला सांगितलं.

ती म्हणाली, "राहू दे बाबा. त्यांना लागत असेल."

आपला
मेहुणा